एक्सपीला दोष देणं सोपं आहे

आमच्या विभागातल्या एक्सआरडीच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या कॅबिनेटवर मार्करने तीन सूचना लिहिल्यात. ‘नेट लावू नये.’ ‘विंडोज बदलू नये.’ ‘पेनड्राइव्ह विचारून लावावा.’ तिन्हींची अक्षरं वेगळी, कारण तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी लिहिल्यात. प्रत्येक सूचनेच्या मागे काहीतरी घोळ झालेला आहे. तिसरीच्या मागचा घोळ माझ्या डोळ्यांदेखत झाला, तो पुढे सांगते.

या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेली आणि ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट संपलेली सिस्टीम. माझ्या प्रबंधातल्या जवळजवळ प्रत्येक आलेखाचा जन्म इथे झालाय. नेहमीच्या वाचकांना आठवत असेल, थिन फिल्मचा एक्सआरडी आलेख कसा वाचायचा यावर मागे लिहिलं होतं. त्या लेखातला आलेखही याच मशीनवरचा.

तर झालं असं की विंडोज १० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमच्याकडे एक नोटीस फिरली. सपोर्ट संपलेल्या सगळ्या मशीनची यादी द्या आणि ती वापरातून काढा. नोटिशीत कारण म्हणून एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की जुनी एक्सपी वापरल्यामुळे २०१७ मध्ये ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प झाली.

हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. पण यावेळी त्या वाक्यावर माझं मशीन आणि माझं अर्धं प्रकरण अवलंबून होतं. म्हणून मूळ कागद काढून वाचला. आज नेहमीसारखा शोधनिबंध नाही, त्या कागदाचं परीक्षण.

आधी एक शब्द समजून घेऊ

‘सपोर्ट संपला’ म्हणजे नक्की काय झालं? मशीन बंद पडत नाही. काल जे चालत होतं ते आजही चालतं. फरक एवढाच, की उद्या त्या सिस्टीममध्ये एखादं नवं भोक सापडलं तर ते बुजवणारा पॅच कंपनी तुम्हाला देणार नाही. आणि भोकं सापडत राहतात. नव्या सिस्टीममध्ये सापडलेलं भोक पुष्कळदा जुन्या सिस्टीममध्येही असतं, कारण आतला कोड तोच असतो. म्हणजे नव्या विंडोजसाठी पॅच निघाला, की जुन्या विंडोजच्या कुलपाची किल्ली कशी असेल याचा अंदाज हल्लेखोराला आपोआप येतो. हा धोका खरा आहे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

पण या शब्दात एक गोष्ट झाकली जाते. संपतो तो बहुतेक वेळा *फुकटचा* सपोर्ट. २०१४ मध्ये ब्रिटन सरकारने एक्सपीचे पॅच आणखी एक वर्ष मिळावेत म्हणून मायक्रोसॉफ्टला सुमारे ५५ लाख पौंड दिले होते. पुढच्या वर्षी तो करार वाढवला नाही. विंडोज १० चंही तसंच. व्यवसायांना पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, दर वर्षी दुप्पट. शिक्षणसंस्थांना पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. म्हणजे पॅच लिहिणारी माणसं कामावर असतातच. ती तारीख तंत्रज्ञानाची कमी आणि दरपत्रकाची जास्त असते. हे मनात ठेवून पुढे चला.

कागद काय म्हणतो

ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेने, ऑक्टोबर २०१७ मध्ये वॉनाक्राय हल्ल्याचा एनएचएसवर काय परिणाम झाला याचा अहवाल काढला. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा.

घटनाक्रम असा. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे विंडोजमधल्या एका भोकातून शिरण्याचं हत्यार होतं, नाव इटर्नलब्लू. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला त्या भोकाचा पॅच दिला. १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने ते हत्यार जगजाहीर केलं. १२ मे, शुक्रवार, वॉनाक्राय सुटला. तो फाइल कुलूपबंद करून खंडणी मागायचा आणि कुणी काही क्लिक न करताच नेटवर्कवरून शेजारच्या मशीनमध्ये जायचा.

इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना फटका बसला. त्यातल्या ३७ मध्ये मशीन प्रत्यक्ष कुलूपबंद झाली. उरलेल्या ४४ मध्ये व्हायरस शिरला नव्हता, तरी कामकाज विस्कळीत झालं. कुणी खबरदारी म्हणून ईमेल आणि सिस्टीम बंद केल्या, कुणाची माहिती दुसऱ्या रुग्णालयातून यायची ती थांबली. शिवाय ५९५ जीपी दवाखाने. एकूण १९,००० च्या वर अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज अहवालात आहे. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना लांबच्या रुग्णालयात जावं लागलं. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाला व्हायरसमधला थांबवायचा खटका सापडला नसता, तर आकडे याहून मोठे असते.

आता आमच्या नोटिशीतल्या वाक्याकडे या. अहवालात स्पष्ट लिहिलंय, की बाधित झालेल्या बहुतेक मशीनवर विंडोज ७ होती. जिचा सपोर्ट तेव्हा *चालू* होता. पॅच दोन महिन्यांपूर्वी आला होता, फुकट होता, तो लावलेला नव्हता. एक्सपीवाली मशीन बाधितांमध्ये अल्पसंख्य होती. जगभराच्या आकड्यांतही तेच दिसलं. कॅस्परस्कीच्या नोंदीत बाधित मशीनपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची होती. एक्सपीवर हा व्हायरस चालवून पाहिला तेव्हा मशीन बहुधा निळा पडदा दाखवून कोलमडायचं, त्यामुळे संसर्ग पसरवायला ते तितकंसं कामाचंच नव्हतं.

याचा अर्थ एक्सपी सुरक्षित होती असा मुळीच नाही हं. भोक तिच्यातही होतं. तिचा नशिबाने बचाव झाला, गुणाने नाही. पण ‘एक्सपीमुळे रुग्णालयं बंद पडली’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते ज्या निर्णयाकडे नेतं तोही अर्धवट आहे. कारण त्या वाक्यावर विश्वास ठेवून सगळ्या एक्सपी फेकून दिल्या आणि नव्या मशीनचे अपडेट ‘नंतर करू’ म्हणत राहिलात, तर तुम्ही १२ मे २०१७ च्या बरोबर त्याच जागी उभे आहात.

अहवाल कुठे भारी आहे

या अहवालाची सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटली, की तो एका खलनायकावर थांबत नाही. त्यात एक वाक्य आहे, ते नोटीस लिहिणाऱ्यांनी वाचायला हवं होतं. आशय असा: पॅच लावलेला असो वा नसो, इंटरनेटकडे तोंड करून असलेल्या फायरवॉल नीट सांभाळल्या असत्या तरी संसर्ग टळला असता. म्हणजे प्रश्न मशीनवर कुठली विंडोज आहे एवढाच नव्हता. ते मशीन कशाला जोडलंय, आणि त्या जोडणीवर कुणाचं लक्ष आहे, हाही होता.

दुसरं, जबाबदारीचा माग तो चिकाटीने काढतो. २०१४ मध्येच ट्रस्टना पत्र गेलं होतं, की एप्रिल २०१५ पर्यंत एक्सपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायची ठोस योजना करा. एनएचएस डिजिटलने मार्च आणि एप्रिल २०१७ मध्ये पॅच लावा असे तातडीचे इशारे दिले होते. पण ते कुणी पाळले याची खातरजमा करणारी यंत्रणाच नव्हती. हल्ल्यापूर्वी ८८ ट्रस्टची सायबर तपासणी झाली, एकही ट्रस्ट उत्तीर्ण झाला नाही, आणि नापास झालेल्यांना सुधारायला भाग पाडण्याचा अधिकार तपासणाऱ्यांकडे नव्हता. वाचताना हसू आलं. पत्र गेलं म्हणजे काम झालं, ही समजूत फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं!

आणि कुठे कमी पडतो

आता माझी तक्रार. अहवालात एमआरआय स्कॅनरचा उल्लेख येतो. अशा यंत्रांच्या पोटातच एक्सपी असते. ती यंत्रं साधारणपणे विकणारी कंपनीच सांभाळते. रुग्णालय स्वतः त्यावर अपडेट लावू शकत नाही, आणि या कंपन्यांचा सपोर्ट पुष्कळदा वाईट होता असं एनएचएस इंग्लंडचं म्हणणं त्यात नोंदवलंय.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. ही तर आमची एक्सआरडीची खोली! इथेच सगळ्या प्रश्नाची गाठ आहे असं मला वाटतं. आणि अहवाल ती दाखवून पुढे निघून जातो. शेवटी एनएचएसने घेतलेले धडे दिलेत ते असे: हल्ला झाला तर काय करायचं याची योजना करा, इशारे आले की पॅच लावा आणि फायरवॉल सांभाळा, संकटात संपर्क चालू राहील असं बघा, संचालकांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी धोका गांभीर्याने घ्या. सगळं बरोबर. पण हे सगळे धडे *वापरणाऱ्याने* शिकायचे आहेत. यंत्र विकणाऱ्याने काय शिकायचं, आणि विकत घेणाऱ्याने करारात काय लिहून घ्यायचं, ते त्या यादीत नाही.

न्यायाने सांगायचं तर हा अहवाल चौकशीचा आहे. काय घडलं ते मांडणं एवढंच त्याचं काम, धोरण सुचवणं नव्हे. तरीसुद्धा, कुठली वस्तुस्थिती मुख्य म्हणून मांडायची आणि कुठली जाता जाता, ही निवड असतेच.

गाठ कुठे आहे ते आमच्या मशीनवरून सांगते. एक्सआरडीत एक्स-किरणांची नळी असते, नमुना आणि डिटेक्टर ठराविक कोनांतून फिरवणारा गोनिओमीटर असतो. हा लोखंडाचा भाग नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो. नळी जुनी झाली की बदलता येते. पण त्या लोखंडाला हुकूम देतो तो कॉम्प्युटरच्या आत बसवलेल्या एका कार्डामार्फत, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटच्या जुन्या विंडोजवर चालतो. नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर निघालाच नाही. कंपनीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: हे मॉडेल बंद झालंय, नवा कंट्रोलर आणि नवं सॉफ्टवेअर घ्या. कोटेशन काही लाखांचं. पंचवीस वर्षांच्या यंत्राला बारा वर्षांचं सॉफ्टवेअर जोडून विकलं, आणि उरलेल्या तेरा वर्षांचा हिशोब गिऱ्हाइकावर सोडला. मग गिऱ्हाईक जुनी सिस्टीम वापरत राहिलं, की त्याला निष्काळजी म्हणायचं. हे काही बरोबर नाही.

आपल्याकडचा एक बरा नमुना

याच्या शेजारी ठेवून वाचावा असा एक भारतीय कागद आहे. रिझर्व्ह बँकेचं २१ जून २०१८ चं परिपत्रक. विषय: सपोर्ट संपलेल्या सिस्टीमवर चालणारी एटीएम. एक्सपीवरच्या एटीएमबद्दल बँकांना आधीही सांगून झालं होतं, प्रगती संथ होती. यावेळी आरबीआयने तारखा घालून दिल्या. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम सुधारा, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५, जूनपर्यंत सगळी.

मला आवडलं ते याच्या आधीचं कलम. सिस्टीम बदलायला वर्ष दिलं, पण ऑगस्ट २०१८ पर्यंत, म्हणजे दोनच महिन्यांत, काही साध्या गोष्टी करायला लावल्या. बायोसला पासवर्ड, यूएसबी पोर्ट बंद, ऑटोरन बंद. आणि मार्चपर्यंत व्हाइटलिस्टिंग, म्हणजे यादीत नसलेला कुठलाही प्रोग्रॅम त्या मशीनवर चालणारच नाही अशी सोय. बदल होईपर्यंतच्या काळात जुनं मशीन कसं जगवायचं, याचा विचार इथे आहे. ‘काढून टाका’ आणि ‘राहू द्या’ यांच्यामधली जागा या कागदाला दिसली. आमच्या नोटिशीला ती दिसली नाही.

‘नवीन ठेवा, सतत अपडेट करा’ एवढ्यानेही भागत नाही, याचा पुरावा आपल्या दाराशीच आहे. वॉनाक्रायनंतर दीडच महिन्याने, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला आणि न्हावा शेवाला जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनल अडकलं. तो मुळात पसरला कसा? युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आणि एकदा आत शिरला की पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या मशीनवरही जात होता.

उलट बाजूचीही चूक

आता तुम्हाला वाटेल, ही बाई एक्सपीची वकिली करतेय. नाही. आमच्या लॅबमध्येच ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आपलं नेट कुठे आहे’ असं म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी तिसऱ्या सूचनेची गोष्ट.

माझ्या एका ज्युनियरने तीन आठवडे बसून नमुन्यांची मोजमापं घेतली. डेटा त्या कॉम्प्युटरवर तात्पुरता ठेवून पेनड्राइव्हवर हलवला, कारण हार्ड डिस्क भरत आली होती. आधी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून तिथे शॉर्टकट व्हायरस आलेला. घरी जाऊन पाहते तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट. घाबरून तिने पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. खरं म्हणजे फाइल तिथेच होत्या, व्हायरसने नुसत्या लपवल्या होत्या. पण हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. फिल्म पुन्हा मोजता आल्या नाहीत, तोवर हवेत राहून त्यांची रचना बदलली होती. लॅबचे मामा तिला म्हणाले, ‘पोरी, आधी आम्हाला विचारायचंस.’ आणि मग मार्कर घेऊन तिने स्वतःच कॅबिनेटवर लिहिलं.

नेट नसलेलं मशीन सुटं असतं हा भ्रम आहे. पेनड्राइव्ह म्हणजे हातात धरून चालत नेलेलं नेटवर्कच. आणि त्या एक्सपीवरचा अँटीव्हायरस कधीच अपडेट घेणं थांबला होता, हे आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं. इथे विकणाऱ्या कंपनीचा काही दोष नाही. हा दोष आमचा.

म्हणून विभागाच्या बैठकीत मी सरांपुढे नोटिशीला उत्तर म्हणून हे मांडलं. एक्सआरडीचा एक्सपी कॉम्प्युटर नेटवर्कपासून पूर्ण तोडलेला राहील. त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवायची, कारण व्हायरसच्या आधी ती डिस्कच मरायची शक्यता जास्त. ऑटोरन बंद. विभागाचा एकच पेनड्राइव्ह, तो आधी लिनक्सच्या मशीनवर तपासायचा, आणि डेटाची दुसरी प्रत झाल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही. मशीन कुणाच्या जबाबदारीवर आहे त्याचं नाव आणि वापराची वही. ऑफिसातली आणि लॅबमधली बाकीची विंडोज १० ची मशीन मात्र, जी दिवसभर ईमेल उघडतात, त्यांना ही सवलत नाही. ती अपग्रेड करायची, नाहीतर सपोर्टचे पैसे भरायचे, नाहीतर लिनक्स टाकायचं. आणि यापुढे कुठलंही उपकरण घेताना टेंडरमध्ये एक ओळ वाढवायची: यंत्र जितकी वर्षं चालेल असं सांगता, तितकी वर्षं चालू सपोर्टच्या सिस्टीमवर चालणारं सॉफ्टवेअर द्याल का? नसेल, तर यंत्राशी बोलायची पद्धत लिखित स्वरूपात द्याल का?

शेवटच्या मुद्द्यावर बैठकीत सगळ्यात कमी चर्चा झाली. ‘अशी अट घातली तर कोण टेंडर भरेल’ असं कुणीतरी म्हणालं आणि चहा आला. बाकीचं मान्य झालं, सहा महिन्यांसाठी. त्यानंतर पुन्हा बघू म्हणाले.

सहा महिन्यांत माझे उरलेले नमुने मोजून होतील. प्रश्न माझ्यापुरता सुटला, असंही म्हणता येईल. पण माझ्यानंतर त्या खोलीत येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तो तसाच आहे, कारण नवं यंत्र घेताना ती ओळ कुणी लिहिली नाही तर आणखी बारा वर्षांनी त्या नव्या कॅबिनेटवरही कुणीतरी मार्करने लिहील, ‘विंडोज बदलू नये.’

तुमच्या लॅबमध्ये, दवाखान्यात, कारखान्यात असं एखादं मशीन असेल तर दोन गोष्टी आजच बघा. ते कशाकशाला जोडलंय, आणि त्याची जबाबदारी नावानिशी कुणाकडे आहे. कुठली विंडोज आहे हा प्रश्न तिसरा.

पुढच्या वेळी परत थिन फिल्म. नळी बदलल्यावर आलेख थोडा सरकतो तो का, ते बघू.